मागे जाऊन इतिहास बदलायचा, तर हात कुठे घालायचा?

पानिपतावर विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर? इतिहासाच्या गप्पा रंगल्या की हा प्रश्न निघतोच. १४ जानेवारी १७६१ ची ती दुपार, तोवर मराठ्यांचं जड असलेलं पारडं, मग पेशव्यांचा थोरला मुलगा पडल्याची बातमी आणि फौजेचा सुटलेला धीर हे सगळं आपल्याला पाठ असतं. मग कुणीतरी दुसरा प्रश्न टाकतो. आजचं सगळं माहीत असलेला एखादा माणूस त्या वेळी तिथे जाऊन पोचला असता, तर त्याने नेमकं काय करायला हवं होतं?

या दुसऱ्या प्रश्नावर जगात एक आख्खा कथाप्रकार उभा राहिला आहे. माणूस भूतकाळात जातो, घडलेलं बदलायला बघतो, आणि त्यातून वेगळंच जग आकाराला येतं किंवा येता येता राहतं. अशा कथा वाचताना आपलं लक्ष आधी जातं ते काळयंत्राकडे. ते कसं चालतं, चालू शकेल का, यावर आपण वाद घालतो. पण या प्रकारातल्या काही उत्तम कथांत यंत्रच नाही. मार्क ट्वेनच्या नायकाच्या डोक्यात पहार बसते आणि तो सहाव्या शतकात जागा होतो. पुढच्या दोन लेखकांनी तर नुसती वीज पाडून काम भागवलं. लेखकांना प्रवासाची पर्वा नसते, पोचल्यावर काय होतं याची असते. म्हणून अशी कथा हातात आली की एकच गोष्ट तपासावी असं मी सुचवेन: या लेखकाने हात कुठे घातला? बंदुकीच्या गोळीत, राजाच्या दरबारात, तोफेत, की हिशेबाच्या वहीत? इतिहास कशाने चालतो याबद्दल लेखकाची जी समजूत असते, ती या एका निवडीत उघडी पडते.

१. आधी खेळाचे नियम

मी मागे जाऊन माझ्या आजोबांना त्यांच्या लग्नाआधीच मारलं, तर मी जन्मणार नाही. मी जन्मलोच नाही, तर त्यांना मारायला जाणार कोण? हा पेच आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो. कथालेखकांनी त्यातून तीन वाटा काढल्या.

पहिली वाट अशी की काही बदलतच नाही. फ्रिट्झ लायबरच्या १९५८ सालच्या एका कथेत एक माणूस गोळी लागून झालेला स्वतःचा मृत्यू टाळायला मागे जातो. बंदुकीचा बंदोबस्त होतो, पण शेवटी आकाशातून गोळीएवढी उल्का येते आणि नेमकी कपाळावर बसते. घडलेलं पुन्हा घडवून आणण्याची सोय सृष्टी स्वतःच करते.

दुसऱ्या वाटेत जुनं पुसलं जातं आणि त्याच्या जागी नवं येतं. रे ब्रॅडबरीच्या १९५२ सालच्या प्रसिद्ध कथेत डायनासोरच्या काळात शिकारीला गेलेला माणूस एका फुलपाखरावर पाय देतो. तो परत येतो तेव्हा भाषेचं स्पेलिंग बदललेलं असतं आणि निवडणूक भलताच माणूस जिंकलेला असतो.

तिसरी वाट फाट्याची. तुम्ही जिथे ढवळाढवळ करता तिथून इतिहासाला नवी फांदी फुटते. जुनी फांदी आपल्या जागी शाबूत राहते, तुम्ही फक्त नव्या फांदीवर असता. आजोबांचा पेच इथे आपोआप सुटतो, कारण तुम्ही जन्मलात ती फांदी वेगळी आणि आजोबांना मारलंत ती वेगळी.

भौतिकशास्त्र यावर काय म्हणतं? कुर्ट गोडेलने १९४९ साली दाखवून दिलं की आइनस्टाइनच्या समीकरणांतून असं एक फिरतं विश्व निघू शकतं, ज्यात पुढे पुढे जाणारी वाट स्वतःच्याच भूतकाळात येऊन मिळते. आपलं विश्व तसं असल्याचा पुरावा नाही. स्टीफन हॉकिंगने १९९२ मध्ये असा अंदाज मांडला की निसर्गाचे नियम अशा वाटा बनूच देत नसावेत. या प्रकरणापुरतं इतकं पुरे. आपल्याला पोचल्यानंतरची गोष्ट बघायची आहे.

२. रोम, इसवी सन ५३५

एल. स्प्रेग दि कँप या अमेरिकन लेखकाची 'लेस्ट डार्कनेस फॉल' ही कादंबरी १९३९ मध्ये संक्षिप्त रूपात मासिकात आली आणि १९४१ मध्ये पुस्तकरूपाने. या कथाप्रकाराचं एकच पुस्तक वाचायचं झालं, तर मी हे हातात देईन.

मार्टिन पॅडवे हा पुरातत्त्वाचा अभ्यासक रोममध्ये आहे. एक इटालियन प्राध्यापक त्याला गाडीतून नेता नेता आपला सिद्धान्त ऐकवतो: इतिहासाचं जाळं चिवट असतं, पण त्यात काही कच्चे सांधे असतात, आणि तिथून कुणी मागे घसरला तर नवी फांदी फुटत असावी. म्हणजे तिसऱ्या वाटेचा नियम लेखकाने पहिल्याच पानांत सांगून टाकला. मग पॅन्थिऑनच्या समोर वीज कडाडते आणि पॅडवे ५३५ सालात उभा असतो.

हे साल का? रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य संपून साठेक वर्षं झाली होती. इटलीवर ऑस्ट्रोगॉथ राजांचं राज्य होतं. आपल्या मनात गॉथ म्हणजे रानटी टोळ्या असं चित्र असतं, पण त्यांचा राजा थिओडोरिक ५२६ साली वारला तोवर रोमचं सिनेट भरत होतं, रोमन कायदा चालत होता, नहरांतून शहरात पाणी येत होतं. खरा घात पुढे झाला. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या जस्टिनियन सम्राटाने इटली परत घ्यायचं ठरवलं आणि ५३५ मध्ये बेलिसारियस या सेनापतीला धाडलं. ते युद्ध रेंगाळत ५५४ पर्यंत चाललं. ५३७ च्या वेढ्यात गॉथांनी रोमचे नहर तोडले. नहराच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा बेलिसारियसने टायबर नदीत नावा बांधून त्यांच्यावर गिरण्या बसवल्या. मधेच प्लेगची साथ आली. शहर या हातातून त्या हातात जात राहिलं. शेवटी जस्टिनियन जिंकला, पण जे जिंकलं ते उद्ध्वस्त होतं, आणि ५६८ मध्ये लोंबार्ड आले तेव्हा त्यांना अडवायची ताकद फारशी उरली नव्हती.

दि कँपची मांडणी अशी की युरोपचा अंधार रोमच्या पडण्याने जितका आला नाही तितका या 'मुक्ती'च्या युद्धाने आला. म्हणून पॅडवे ज्या क्षणी पोचतो तो क्षण नेमका निवडलेला आहे. बेलिसारियसची स्वारी अजून इटलीच्या मुख्य भूमीवर उतरलेली नाही. युद्ध टळलं किंवा लवकर आटोपलं, तर बरंच काही वाचण्यासारखं आहे.

३. ब्रँडी, आकडे आणि चर्मपत्र

आता पॅडवे काय करतो ते जवळून बघू. तो राजाकडे जात नाही. त्याला आधी पोट भरायचं आहे. खिशात विसाव्या शतकातली थोडी नाणी आणि डोक्यात प्रोकोपियसचा ग्रंथ, एवढंच भांडवल. प्रोकोपियस हा बेलिसारियसचा सचिव. या युद्धाचा प्रत्यक्षदर्शी इतिहास त्याने लिहून ठेवला आहे.

पॅडवे एका सीरियन सावकाराकडे जातो आणि दारू गाळण्याच्या धंद्यासाठी कर्ज मागतो. रोमन लोक वाइन पीत होते, पण ती उकळून, वाफ थंड करून तीव्र मद्य काढायची रीत तिथे नव्हती. त्यासाठी लागतं ते तांब्याचं भांडं, नळी आणि गार पाणी. तिन्ही गोष्टी रोममध्ये मिळतात, तांबटही मिळतो. हेच कौशल्याने साधलेलं आहे: पॅडवेने असा शोध निवडला ज्याचे सगळे भाग बाजारात आधीच हजर होते, फक्त ते एकत्र कुणी आणले नव्हते.

कर्जाच्या बोलणीत तो सावकाराला दुसरी एक वस्तू देऊ करतो: आपली आकडेमोड. तिचं मोल समजायला एक छोटा हिशेब करू. २६ पिंपं मद्य आहे, दर पिंपाला ३४७ नाणी. आपण ३४७ ला ६ ने गुणतो, २०८२ येतात. मग २ ने गुणून एक घर सरकवतो, ६९४० येतात. बेरीज ९०२२. शाळेतल्या मुलाला अर्धं मिनिट लागेल. रोमन पद्धतीत ३४७ लिहायला आठ चिन्हं लागतात: शंभराची तीन, पन्नासाच्या आधी दहा, मग पाच आणि दोन एक. चिन्ह कुठल्या घरात बसलंय त्यावर त्याची किंमत दसपट होत नाही, त्यामुळे एकाखाली एक मांडून गुणताच येत नाही. रोमन कारकून मणी सरकवायच्या पाटीवर हिशेब करी आणि उत्तर तेवढं लिहून ठेवी. तो कारकून हुशार आणि चपळ असे. पण मणी हलले की मधल्या पायऱ्या गेल्या. चूक कुठे झाली, किंवा लबाडी कुणी केली, हे दुसऱ्याला तपासता येत नसे. लिहून केलेल्या आकडेमोडीने हिशेब तपासता येऊ लागतो. पॅडवे त्यात दुहेरी नोंदीची पद्धतही शिकवतो, जी इटलीच्या व्यापाऱ्यांकडे खरोखर यायला आणखी सातआठशे वर्षं लागली.

इथे आपल्यासाठी एक सुखद धागा आहे. पॅडवे रोममध्ये जे आकडे शिकवतो, त्यांची स्थानमूल्याची पद्धत त्याच शतकात भारतात रुळत होती. आर्यभटाचा जन्म ४७६ चा, 'आर्यभटीय' ४९९ चं. ६६२ मध्ये सीरियातला सेव्हेरस सेबोख्त हा बिशप भारतीयांच्या नऊ चिन्हांचं कौतुक करतो. मग बगदादचा अल्-ख्वारिज्मी, मग १२०२ मध्ये पिसाचा फिबोनाची. इतक्या मुक्कामांनी हे ज्ञान इटलीत पोचलं. पॅडवेने साडेसहाशे वर्षांचा फेरा वाचवला. आणि आर्यभटाच्या हयातीतला किंवा त्याच्या शिष्यांच्या वेळचा एखादा व्यापारी हे काम काळयंत्राशिवाय करू शकला असता, कारण रोमशी मिरीचा व्यापार तर आधीपासून चालू होता.

पॅडवेचा पुढचा उद्योग छापखाना. खिळे ओतणं आणि दाबयंत्र बनवणं जमतं, तो वर्तमानपत्र काढतो. आणि पहिल्याच अंकानंतर त्याच्या ध्यानात येतं की असंच छापत राहिलो तर रोममधलं सगळं चर्मपत्र संपेल. याला पुरावा म्हणून गुटेनबर्ग बघा. त्याच्या बायबलाची चर्मपत्रावरची एक प्रत काढायला अंदाजे १७० वासरांची कातडी लागत असे. कागद नसेल तर छापखाना म्हणजे कत्तलखाना. चीनमध्ये कागद इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच होता, युरोपात तो बाराव्या शतकात बनू लागला. छपाईच्या क्रांतीतला अर्धा वाटा कागदाचा होता, हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकापेक्षा या कादंबरीने जास्त नीट समजावलं.

४. जे जमत नाही

दि कँपचा प्रामाणिकपणा दिसतो तो पॅडवेच्या अपयशांत. तो घड्याळ करू बघतो, जमत नाही. बंदुकीच्या दारूचे घटक त्याला तोंडपाठ आहेत: सोरा, कोळसा, गंधक. तरी तोफ ऐन वेळी फुसकी निघते. आज आपण पुस्तकात ७५, १५, १० हे प्रमाण वाचतो आणि काम झालं असं समजतो. पण सोरा किती शुद्ध, भुकटी किती बारीक, ओली करून तिचे दाणे पाडले का, यावर ती भसकन जळते की फुटते हे ठरतं. दाणे पाडायची युक्ती युरोपला पंधराव्या शतकात सापडली, तोवर तोफा वापरून शंभरावर वर्षं झाली होती. घटक माहीत असणं आणि वस्तू हाती येणं यांच्यात कारागिरांच्या कित्येक पिढ्या असतात.

आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. पॅडवेला पुढचं माहीत आहे ते प्रोकोपियस वाचल्यामुळे. गॉथांचा राजा थिओडाहाड रव्हेनाच्या वाटेवर ऑप्टारिस नावाच्या माणसाकडून मारला जाणार, हे वाचलेलं असल्याने पॅडवे वेळेवर जाऊन राजाला वाचवतो आणि त्याचा विश्वास मिळवतो. पण राजा वाचला त्या क्षणी प्रोकोपियसचा पुढचा ग्रंथ रद्दी झाला. ज्या बदलासाठी भविष्याचं ज्ञान वापरलं, त्याच बदलाने ते ज्ञान निकामी केलं. इथून पुढे पॅडवेही इतरांइतकाच आंधळा. आकडेमोड मात्र तशी वाया जात नाही. राजा कुणीही असो, ९०२२ हे उत्तर ९०२२ च राहतं. म्हणूनच हात घालायची जागा म्हणून मला दरबारापेक्षा हिशेबाची वही भरवशाची वाटते.

पन्नास वर्षं आधी, १८८९ मध्ये, मार्क ट्वेनने उलट पैज लावली होती. त्याचा हँक मॉर्गन हार्टफर्डच्या शस्त्रकारखान्यातला मुकादम. ५२८ सालच्या आर्थर राजाच्या इंग्लंडात तो तारायंत्र, टेलिफोन, शाळा, कारखाने सगळं उभं करतो. चर्चने देशावर बहिष्काराची आज्ञा काढताच हे सगळं कोसळतं. त्याच्याबरोबर उरतात ती पन्नासेक मुलं, लहानपणापासून त्याच्या शाळांत वाढलेली. विजेच्या तारांनी आणि मशीनगनांनी ते पंचवीस हजार सरदार मारतात आणि प्रेतांच्या कड्यात स्वतःच अडकतात. जिंकूनही हरण्याचं इतकं भयंकर चित्र मी दुसरं वाचलेलं नाही. हँककडे यंत्रं पॅडवेपेक्षा कितीतरी जास्त होती. ती वापरायची गरज लोकांना वाटावी, इतका वेळ त्याने दिला नव्हता.

५. माहिती आहे, हात नाही

पॉल अँडरसनने १९५६ साली 'द मॅन हू केम अर्ली' ही कथा लिहिली. तीही एका विजेने सुरू होते. आइसलंडच्या अमेरिकन तळावरचा एक सैनिक हजारेक वर्षं मागे फेकला जातो. गोष्ट सांगतो तिथला एक शेतकरी, ज्याने या परक्या पोराला आसरा दिला. पोरगा वाईट नाही. इंजिनिअरिंग शिकलेला आहे, घोड्याशिवाय चालणाऱ्या गाड्यांबद्दल मनापासून सांगतो. पण लोहाराच्या भट्टीपाशी उभं केलं तर त्याच्या हातून काम बिघडतं. ज्या हत्यारांनी हत्यारं बनतात, ती त्याने कधी हातात धरलेली नाहीत. शेतकऱ्याच्या नजरेत तो कुणाच्या उपयोगी न पडणारा, तरीही कणव वाटावी असा पाहुणा ठरतो. तिथल्या समाजाचे वैराचे आणि भरपाईचे कायदे त्याला उमगत नाहीत. कमरेच्या पिस्तुलाने तो एकाला मारतो आणि त्यातच त्याचा अंत होतो.

अँडरसनने अतिशयोक्ती केली असं वाटत असेल, तर मुंबईतली खरी हकिगत बघा. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिताना ती नोंदवली आहे. भीमजी पारेख या गुजराती व्यापाऱ्याला आपल्या लिपीत धर्मग्रंथ छापायचे होते. त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच साली, कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासकट धाडला. माणूस आला, यंत्र आलं, पैसा होता, इच्छा होती. आणि बेत अडला, कारण हिल्सला छापता येत होतं, अक्षरं कोरून खिळे ओतायचं कसब त्याच्याकडे नव्हतं. तो दुसऱ्या काळातून नव्हे, फक्त दुसऱ्या देशातून आलेला होता. तरी त्याची गत आइसलंडच्या त्या सैनिकासारखी झाली.

त्याही आधीची गोष्ट गोव्याची. १५५६ मध्ये ॲबिसिनियाला निघालेला एक छापखाना गोव्यात थांबला तो तिथेच राहिला. १६१६ मध्ये रायतूरला थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी मजकूर पण रोमन लिपीत. महाराष्ट्रात कागद होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो बनत होता. लिहिणारे होते, वाचणारे होते. गोव्यापासून कोल्हापूर काही फार दूर नाही. तरी मराठी व्याकरण छापून निघालं ते १८०५ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरला, विल्यम केरीच्या हातून. अडीचशे वर्षं ते तंत्र शेजारी होतं आणि आपण ते घेतलं नाही. विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध कोमट नसेल तर दही लागत नाही, तसंच नव्या कसबाचं आहे: राज्यकर्त्याला त्याची निकड, व्यापाऱ्याला त्यात नफा आणि कारागिराला त्यातून पोट, हे तिन्ही जुळल्याखेरीज ते धरत नाही. पॅडवे ज्या रोममध्ये गेला तिथे सावकार, तांबट आणि गिऱ्हाईक हे तिन्ही होते. त्याच्या यशाचं खरं कारण ते आहे.

६. पुन्हा पानिपत

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आता वाचली, तर ती वेगळी दिसते. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात असल्याने अनेकांना ती शाळेतून माहीत आहे. इथेही यंत्र नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात जिथे मुंबईवर अजून कंपनीचा अंमल आहे. बावचळून न जाता ते ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड मागवतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे चार खंड तसेच आहेत. बदल पाचव्यात. तो खंड ते दोन्ही टोकांकडून वाचत आणतात आणि फाटा फुटतो त्या पानावर येऊन थांबतात: पानिपत, आणि विश्वासरावांच्या कानाजवळून निसटून गेलेली गोळी. इतिहासकार कसा विचार करतो याचं इतकं सुरेख दृश्य मराठी विज्ञानकथेत क्वचित सापडेल.

कथेचं नाव घेतलं की लोकांना ती गोळी आठवते. मला पुढचं पान महत्त्वाचं वाटतं. नारळीकरांनी विजयावर गोष्ट सोडली नाही. त्यांच्या त्या जगातले पेशवे युरोपात येऊ घातलेलं तंत्रयुग ओळखतात आणि विज्ञानाची स्वतःची केंद्रं उभारतात. कंपनीची मदत घेतात ती आपली केंद्रं स्वयंपूर्ण होईपर्यंतच. ही जोड नसती तर पानिपत जिंकूनही चाळीस वर्षांत त्याच कंपनीशी गाठ होती, अधिक चांगल्या बंदुका आणि अधिक चांगलं हिशेबखातं असलेल्या कंपनीशी. खगोलशास्त्रज्ञ असलेल्या नारळीकरांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्रकरणाच्या सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: आपला माणूस पानिपतावर पाठवू नये. तो वीस-तीस वर्षं आधी पुण्यात पाठवावा, आणि त्याला तलवार चालवता आली नाही तरी चालेल, खिळे ओतता आले पाहिजेत.

एकट्याला हे झेपेल का, या शंकेला एरिक फ्लिंटने २००० साली '१६३२' या कादंबरीत ठोक उत्तर दिलं. त्याने वेस्ट व्हर्जिनियातलं सुमारे तीन हजार वस्तीचं खाणकामगारांचं गाव उचलून १६३१ सालच्या जर्मनीत, तीस वर्षांच्या युद्धाच्या ऐन धुमाळीत ठेवलं. कोळशाची खाण, वीजकेंद्र, यंत्रशाळा, शाळा, ग्रंथालय सगळ्यासकट. तरीही गावकऱ्यांचा पहिला शहाणा निर्णय खाली उतरण्याचा आहे. आधुनिक यंत्रं झिजतील, सुटे भाग मिळणार नाहीत, तेव्हा ती चालू आहेत तोवर त्यांच्या मदतीने वाफेच्या इंजिनांसारखी साधी, तिथल्या कारागिरांना करता येतील अशी यंत्रं बनवून घ्यायची.

७. पुसलेल्या माणसांचं काय?

आतापर्यंत आपण फांदी फुटते असं धरून चाललो. दुसरी वाट खरी असेल, जुनं पुसलंच जात असेल, तर प्रश्न वेगळा होतो आणि तो जास्त बोचतो. वॉर्ड मूरने १९५३ मध्ये 'ब्रिंग द ज्युबिली' या कादंबरीत तो धरला.

तिचा नायक हॉज बॅकमेकर ज्या जगात वाढतो तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा विजय झाला आहे. उत्तरेकडचा देश गरीब, थकलेला, वेठीच्या करारांनी बांधलेला. हॉज इतिहासकार होतो. त्याच्या अभ्यासमंडळातली एक स्त्री काळात मागे जाण्याचं यंत्र बनवते, आणि हॉज आपला ग्रंथ अचूक व्हावा म्हणून १८६३ च्या गेटिसबर्गची लढाई डोळ्यांनी बघायला जातो. त्याला काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचंय. पण त्याच्या तिथे असण्यानेच दक्षिणेच्या तुकडीत गोंधळ उडतो, एक अधिकारी मारला जातो, मोक्याची टेकडी ताब्यात यायची राहते. लढाई फिरते. त्यातून जो इतिहास निघतो तो आपला, तुमच्या-माझ्या पुस्तकांतला. मारला गेलेला अधिकारी त्या यंत्र बनवणाऱ्या स्त्रीचा पूर्वज असतो.

ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हॉज उभा राहतो आणि त्याला न्यायला कुणी येत नाही. यंत्र बनवणारी जन्मणारच नाही. त्याची बायको, मित्र, ते सगळं मंडळ, कुणीच नाही.

आपल्या बाजूने बघितलं तर घडलं ते चांगलंच. उत्तर जिंकली, गुलामगिरी संपली. हॉजच्या जगात उत्तरेचे लोक पिचत होते, तेव्हा ते जग गेल्याचं दुःख कशाला? मूर हा युक्तिवाद नाकारत नाही. तो फक्त हॉजला पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर ठेवतो आणि १८७७ मध्ये हे सगळं लिहायला लावतो. तोवर हॉजने चौदा वर्षं त्या बऱ्या जगात काढली आहेत, आणि ज्यांच्याबद्दल तो लिहितो आहे ती माणसं कधी होती की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.